एचपीएलसी नाही म्हणून झायलॅनचं काम अडतं का?

तुम्ही विचारलंय: उसाच्या चिपाडातलं झायलॅन (पेशीभित्तिकेतली झायलोज साखरेची लांब साखळी) तपासायचंय, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) नाही, प्रथिनांच्या छोट्या जेलवर जमेल का?

जेलवर जमेल, त्या छोट्या जेलवर नाही. अख्खं झायलॅन जेलमध्ये सरकतच नाही. रेणू अवाढव्य आणि विद्युतभार नगण्य. म्हणून आधी झायलॅनेज या एन्झाइमने तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याच्या रिड्यूसिंग टोकाला (साखळीचं रासायनिक क्रिया करू शकणारं मोकळं टोक) एएनटीएस हे चमकणारं रसायन जोडायचं. भारही तेच देतं, अतिनील प्रकाशात चमकतंही तेच. केंब्रिजच्या पॉल डुप्री यांच्या गटाने २००२ मध्ये मांडलेली ‘पेस’ (PACE) पद्धत ती हीच.

चिपाडाची पूड आधी ४ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर ठेवा, नाहीतर झायलॅनला चिकटलेले अ‍ॅसिटिल आणि फेरुलिक गट एन्झाइमला आडवे येतात. मग उदासीन करून अमोनियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये झायलॅनेजने रात्रभर पचवा. हा बफर सुकवताना उडून जातो. फॉस्फेट वापरलंत तर मीठ मागे राहतं आणि बँड (जेलवर दिसणारे पट्टे) वाकडे पळतात. सुकलेल्या नमुन्यात ०.२ मोलर एएनटीएस आणि ०.२ मोलर सायनोबोरोहायड्राइड (ही जोडणी पक्की करतं), प्रत्येकी ५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर रात्रभर. २० टक्के अ‍ॅक्रिलामाइडचं लांब जेल, १००० व्होल्ट, थंड पाण्याचं फिरतं अभिसरण हवंच.

आता खरं दुखणं. आमच्याकडे एका ज्येष्ठांचं ठाम मत होतं: एन्झाइम न घातलेल्या नमुन्याची लेन (जेलवरची एका नमुन्याची वाट) म्हणजे जागेची नासाडी. झायलोजजवळ एक ठसठशीत बँड आला. लगेच नवी फांदी, नवी रचना. कित्येक आठवडे साप साप म्हणून भुई धोपटली. शेवटी ती ‘नासाडी’ची लेन चालवली. तोच बँड, तितकाच तेजस्वी! चिपाड ७० टक्के इथेनॉलने नीट धुतलंच नव्हतं, रसातलं ग्लुकोज उरलं होतं. सुक्रोजला मोकळं रिड्यूसिंग टोक नसतं, त्यामुळे ते दिसत नाही. ग्लुकोज मात्र झगझगतं.

तेव्हा फक्त एन्झाइम, फक्त नमुना, आणि झायलोज ते झायलोहेक्साओजची शिडी (एक ते सहा झायलोजच्या ज्ञात तुकड्यांचं मोजमाप), या लेन सोडू नका. एका तुकड्याला एकच एएनटीएस लागतं, म्हणून चमक मोल (तुकड्यांची संख्या) सांगते, वजन नाही. हेही त्या ज्येष्ठांना पटलं नव्हतं.

अल्कलीत मूळचे अ‍ॅसिटिल गट जातात, ते या जेलवर शोधू नका. अनोळखी बँडची रचना नुसत्या जागेवरून ठरत नाही, तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीच लागेल. आणि सायनोबोरोहायड्राइड फ्यूम हूडमध्येच हाताळा. आम्लात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो.