बॉसचा वार आधीच सांगणारा ॲडऑन वापरणं ही फसवणूक आहे का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: तुम्ही वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये, म्हणजे त्या ऑनलाइन गेमच्या जुन्या आवृत्तीत, नव्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या गटात) गेलात. रेडच्या, म्हणजे अनेकांनी मिळून मोठ्या शत्रूशी (बॉसशी) लढायच्या मोहिमेच्या, लीडरने सांगितलं की डेडली बॉस मॉड्स (डीबीएम) हा ॲडऑन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकल्याशिवाय रेडला यायचं नाही. तुमचा मित्र म्हणतो की वार येण्याआधीच सांगणारा ॲडऑन म्हणजे सरळ चीटिंग. दोघांपैकी बरोबर कोण?

मी हा गेम बरीच वर्षं खेळते आहे, बहुतेक वेळा हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारी, म्हणून. माझं उत्तर असं आहे की रेडमध्ये तो ॲडऑन फसवणूक नाही, लीडरच्या सांगण्यावरून खुशाल टाका. पण तुमच्या मित्राला जे खुपतंय ते खरं आहे, आणि गेम बनवणारी कंपनी ब्लिझर्ड वीस वर्षं त्याच गोष्टीशी झगडते आहे.

आधी तो ॲडऑन करतो काय ते बघा. बॉसने मंत्र सुरू केला, कुणावर शाप पडला, कुणाला किती मार बसला, ही प्रत्येक घटना सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरला कळवतच असतो. ती कॉम्बॅट लॉगमध्ये, म्हणजे लढाईच्या नोंदवहीत, उतरते आणि लुआ भाषेत लिहिलेला ॲडऑन ती वाचतो. अमुक बॉस अमुक वार किती सेकंदांनी पुन्हा करतो हे आधी लढून आलेल्या लोकांच्या नोंदींवरून ठाऊक असतं. त्यामुळे पडद्यावर पट्टी सरकायला लागते आणि कानात पाच, चार, तीन असे आकडे येतात. एवढंच. तुमच्या वतीने तो पळत नाही, मंत्र टाकत नाही. गेमने लपवलेलं काही उघडंही करत नाही. एमबॉट किंवा वॉलहॅक गेमच्या मेमरीत घुसतात, भिंतीमागचा माणूस दाखवतात, नेम धरून देतात. त्यांची आणि ह्याची जात वेगळी.

शिवाय हे ॲडऑन सगळ्यांना सारखेच मिळतात. मार्च २००९ मध्ये ब्लिझर्डने नियमच केला की ॲडऑनसाठी पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येईल असा उघडा ठेवायचा. ज्याच्या खिशात पैसे त्यालाच पट्टी दिसते, असं इथे होत नाही. आणि रेडमध्ये समोर माणूस नसतो, तेव्हा अन्याय व्हायचा तरी कुणावर?

इथपर्यंत लीडर बरोबर. आता मित्राची बाजू, आणि त्यासाठी मला आमच्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं आजोबांबरोबर मेंढीकोट खेळायचो. आजोबांच्या डोक्यात गेलेलं प्रत्येक पान असायचं. कुठली दश्शी उतरली, हुकमाची किती पानं राहिली, सगळं. एका सुट्टीत माझ्या मावसभावाने वही आणली आणि प्रत्येक हाताला पडलेली पानं लिहायला लागला. आम्ही ओरडलो, तर तो म्हणाला, पानं सगळ्यांच्या समोरच पडलीत, मी कुणाच्या हातात डोकावलोय का? आजोबांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, डोकावला नाहीस हे खरं, पण लक्षात ठेवणं हाच तर डाव आहे, तो डाव वहीच खेळत असेल तर तू काय खेळतोयस?

ॲडऑनचा वाद निघाला की मला ती वही आठवते. माहिती सगळ्यांसमोर पडलेली आहे एवढं म्हणून भागत नाही. गेम आपली कुठली कसोटी घेत होता हे बघावं लागतं. लक्ष ठेवण्याचीच कसोटी असेल आणि लक्ष ॲडऑन ठेवत असेल, तर कुणावर अन्याय झाला नाही तरी डाव वहीने खेळला.

ब्लिझर्डला हे फार लवकर कळलं. सुरुवातीच्या काळात चाळीस जणांच्या रेड असायच्या आणि डीकर्सिव्ह नावाचा ॲडऑन होता. शाप कुणावर आहे हे तो शोधायचा, त्याला टार्गेट करायचा आणि मंत्रही टाकायचा. हीलरने फक्त एकच बटण दाबत राहायचं. डिसेंबर २००६ च्या २.० पॅचने, म्हणजे गेमच्या अपडेटने, ते संपवलं. लढाई चालू असताना कुणाला निवडायचं आणि काय टाकायचं हे ॲडऑनला ठरवता येणार नाही, ते माणसाच्या हातूनच व्हायला हवं, अशी व्यवस्था झाली. डीकर्सिव्ह त्यानंतरही राहिला, पण शाप पडलेल्याचा चौकोन रंगवून दाखवण्यापुरता. क्लिक आपण करायचं. मला ही सीमारेषा आजही सगळ्यात स्वच्छ वाटते: सांग, पण करू नकोस.

अडचण अशी की सांगण्यालाही अंत नसतो. २०१० मध्ये, आइसक्राउन सिटाडेल या रेडच्या काळात, एव्हीआर नावाचा ॲडऑन आला. तो गेमच्या जगातच, पायाखालच्या जमिनीवर, वर्तुळं काढून दाखवायचा की इथे उभे राहा, इथून हला. ब्लिझर्डने तो बंद पाडला. पुढे खेळाडूंच्या जागा मोजून रडार दाखवणारे ॲडऑन आले. २०१६ मध्ये ७.१ पॅचने डंजन (छोट्या गटाची मोहीम) आणि रेडच्या आत ॲडऑनला खेळाडूंच्या जागा कळणंच बंद केलं. मग वीकऑराज् या ॲडऑनवर लोकांनी असे संच बांधले की बॉसने पाच जणांवर खूण केली की कुणी डावीकडे जायचं, कुणी उजवीकडे, हे त्याच क्षणी ठरून पडद्यावर यायचं. २०२३ मध्ये १०.१ पॅचबरोबर प्रायव्हेट ऑरा आल्या, म्हणजे खूण खेळाडूला दिसेल पण ॲडऑनला वाचता येणार नाही. त्यावरही तोड निघाली. खूण दिसली की खेळाडूने स्वतः मॅक्रोचं (आधी लिहून ठेवलेल्या आज्ञेचं) बटण दाबायचं, ते बाकीच्यांच्या ॲडऑनना कळायचं, आणि वाटणी पुन्हा आपोआप.

ह्या शर्यतीत खरं नुकसान झालं ते ॲडऑन न वापरणाऱ्याचं. सगळ्यांकडे पट्टी आहे असं धरून बॉस बनवले जायला लागले. गेम डायरेक्टर आयन हॅझिकोस्टस यांनीही हे उघडपणे मान्य केलंय की कठीण लढाया आखताना खेळाडूंच्या ॲडऑनचा हिशोब धरावा लागत होता. एकदा तसं झालं की ‘हवं तर वापरा’ ह्या शब्दांना अर्थ राहत नाही. तुमचा लीडर हट्टी आहे असं मला वाटत नाही. त्याच्या रेडमध्ये एकाला पट्टी दिसली नाही की सगळे मरतात आणि पुन्हा स्मशानातून धावत यावं लागतं, म्हणून तो तसं म्हणतो.

२०२५ मध्ये ब्लिझर्डने जाहीर केलं की मिडनाइट या विस्तारापासून, म्हणजे रिटेलमध्ये (गेमच्या चालू आवृत्तीत), लढाईतली माहिती ॲडऑनला बंद पाकिटासारखी मिळेल. आकडा दाखवता येईल, त्याचा रंग आणि आकार बदलता येईल, पण आत काय आहे ते तपासून त्यावरून काही ठरवता येणार नाही. बॉसच्या सूचना आणि वेळेच्या पट्ट्या गेम स्वतःच देणार. वीकऑराज् बनवणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की मिडनाइटसाठी ते नवी आवृत्ती काढणार नाहीत. पुष्कळ लोक चिडले आणि त्यांचा राग मला समजतो, कारण स्वतःच्या सोयीने वर्षानुवर्षं मांडलेला पडदा मोडला. तरीही मला हा निर्णय पटतो. ज्या सूचनेशिवाय खेळताच येत नाही ती गेमनेच द्यायला हवी, शोधून टाकायचं काम नव्या माणसावर का?

आता माणसाविरुद्ध माणूस. इथे माझं मत कडक आहे, आणि त्यामागे माझाच अनुभव आहे.

२०१९ मध्ये क्लासिक सुरू झालं तेव्हा मी पीव्हीपी सर्व्हरवर, जिथे खेळाडू एकमेकांवर हल्ला करू शकतात, प्रीस्ट (हीलरचा वर्ग) खेळत होते आणि स्पाय नावाचा ॲडऑन टाकला होता. विरुद्ध पक्षाचं कुणी जवळपास काही केलं की तो कॉम्बॅट लॉगमधून नाव, वर्ग आणि लेव्हल उचलून इशारा द्यायचा. एकदा स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात मी एकटी क्वेस्ट करत होते. इशारा वाजला: एक रोग (लपून वार करणाऱ्या वर्गाचा खेळाडू) जवळच कुठेतरी स्टेल्थमध्ये गेला, म्हणजे अदृश्य झाला होता. मला तो कुठेच दिसत नव्हता, दिसायलाही नको होता. मी स्वतःवर शील्ड चढवली, थोडं थांबले आणि अंदाजाने होली नोव्हा (आजूबाजूच्या शत्रूंना लागणारा मंत्र) टाकला. तो माझ्या पाठीमागेच होता, उघडा पडला आणि मेला.

मला त्या विजयाचा काडीचाही आनंद झाला नाही. रोगचा सगळा जीव लपण्यात आहे. तो माझ्याहून हुशारीने आला होता, मी बेसावध होते, आणि त्याची चाल त्याच्या नकळत फुटली. मी त्याच संध्याकाळी स्पाय काढून टाकला. पुढे ब्लिझर्डने क्लासिकच्या मोकळ्या जगात कॉम्बॅट लॉगचा पल्लाच कमी केला, म्हणजे डोंगरापलीकडची हालचाल कळेनाशी झाली. ते योग्यच झालं.

अरीनामध्ये, म्हणजे छोट्या संघांच्या आपसातल्या सामन्यांत, गोष्ट थोडी निराळी आहे. रिटेलमध्ये रोगने किक (समोरच्याचा मंत्र मोडणारा वार) वापरली की ती १५ सेकंद पुन्हा येत नाही. ती वापरलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली असते आणि ॲडऑन फक्त सेकंद मोजतो. ही मावसभावाची वही झाली, डोकावणं नव्हे. मी तिला फसवणूक म्हणणार नाही, पण मनात मोजणाऱ्या खेळाडूबद्दल मला जास्त आदर आहे.

एक बाजू मात्र ह्या वादात नेहमी मागे पडते. आमच्या गिल्डमधला एक टँक (बॉसचा मार अंगावर घेणारा खेळाडू) लहानपणापासून कमी ऐकतो. बॉस ओरडून इशारा देतो तो त्याला ऐकूच येत नाही. पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत येणारी सूचना हीच त्याची रेड. भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या आमच्यासारख्यांचंही थोडं तसंच आहे. माझं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ) १६० मिलिसेकंदांच्या आसपास असतं, म्हणजे जर्मनीतला खेळाडू बघून हलतो तेव्हा मला आधीच ठरवून हलावं लागतं. पट्टी मला वरचढ करत नाही, बरोबरीला आणते. फोर्टनाइटने पावलांचे आणि गोळ्यांचे आवाज पडद्यावर चिन्हांनी दाखवायची सोय गेममध्येच दिली. नीट ऐकू येणारेही ती वापरतात म्हणून कुरकुर होते, पण सोय सगळ्यांना एका सेटिंगमध्ये मिळते, मग तक्रार कशाची?

आणि जिथे नियमच नाही म्हणतो तिथे नाहीच. फायनल फँटसी १४ मध्ये बाहेरची साधनं वापरायला मनाई आहे, प्लेस्टेशनवाल्याला ती टाकताही येत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये द ओमेगा प्रोटोकॉल ही कठीण लढाई जगात सर्वांत आधी जिंकलेल्या संघाने कॅमेरा हवा तेवढा लांब नेणारं साधन वापरल्याचं बाहेर आलं, तेव्हा निर्माते नाओकी योशिदा यांनी जाहीरपणे त्याचा निषेध केला. तसंच बाहेरचं साधन, दुसरा गेम, आणि उत्तर उलटं.

तर तुम्ही डीबीएम टाका, रेडला जा. फक्त एक करून बघा. त्याच्या सेटिंगमध्ये प्रत्येक बॉसची प्रत्येक सूचना वेगवेगळी बंद करता येते. एखादा बॉस तीन-चार आठवडे मारून झाला की त्याचं मोजणं बंद करा, लीडरला आधी सांगून. मी रॅग्नारोस या बॉससाठी तसं केलं. पहिल्या आठवड्यात दोनदा लाव्हात उडाले, तिसऱ्या आठवड्यात त्याचा वार कधी येणार हे मला आतूनच कळायला लागलं होतं.