1930च्या फोर्ड मॉडेल ए-चं फूटबोर्ड आणि मागच्या मडगार्डची भोकं जुळत नाहीत. कानशीने मोठी करू का?

कानस आधी खाली ठेवा. माझ्या 1929च्या मॉडेल ए-ला मी हेच करून बसलोय. भोक लांबट केलं, बोल्ट बसला, खूश झालो. मग दार लावलं तर खाली बोट जाईल एवढी फट आणि वर पत्रा घासतोय!

या गाडीत पुढचं मडगार्ड चॅसीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला), मागचं मडगार्ड बॉडीला आणि फूटबोर्ड त्या दोघांना धरून. त्यामुळे चॅसी आणि बॉडीमधलं पॅकिंग सडून बॉडी दोन सूत जरी खाली बसली, तरी मागचं मडगार्ड तिच्याबरोबर सरकतं आणि दोष दिसतो फूटबोर्डच्या भोकात. म्हणून आधी पॅकिंग बदला, दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या करा. निम्मी भोकं आपोआप समोर येतील.

तरीही जुळलं नाही तर चॅसीला रिबिट मारलेले फूटबोर्डचे ब्रॅकेट बघा. दोरी ताणली की कुठला वाकलाय ते कळतं. गाडी कधी वरातीला दिली असेल तर पोरं त्यावर उभी राहिलेली असणारच.

मडगार्ड बाहेरून मिळवलंय का? 1928-29चं 1930-31ला बसत नाही. 1930ला चाकंच 21 इंचांवरून 19वर आली, मडगार्डही बदलली. तसं असेल तर कितीही ठोका, व्यर्थ.

हे सगळं रंगाच्या आधी. दोन्ही मडगार्ड, फूटबोर्ड, मधला उभा पत्रा, सगळं एकदम चढवा, बोल्ट हाताने फिरतील इतपतच ठेवा, आणि हलवून बसलं की मगच पाना लावा. डेंटर 'पुट्टीत घेतो' म्हणाला तर ऐकू नका. मग सगळं उतरवून रंग. मागचं मडगार्ड बॉडीला टेकतं तिथे आतूनही रंग हवाच, कारण तिथल्या पायपिंगमध्ये, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये दाबलेल्या पट्टीत, पुण्याचा पावसाळा मुरतो. पायपिंगला बोल्टच्या जागी खाच पाडा, नाहीतर चुण्या पडतात. फूटबोर्डवरचं रबर सगळ्यात शेवटी.

बोल्ट इंची आट्यांचेच घ्या. मेट्रिक दोन फेरे जातो आणि आटे खातो. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नाही मिळाले तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा, जुना बोल्ट खिशात घेऊन. माझे चार तिथेच मिळाले, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात.