येशूने पापं फेडली, मग ख्रिस्ती माणसाला पाप करायला मोकळीक आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सांगलीतला तुमचा ख्रिस्ती मित्र म्हणतो की येशूने त्याची पापं केव्हाच फेडली. मग त्याला पाप करायला मोकळीकच मिळाली की काय? आणि एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरायचं, हा कुठला न्याय? मी मिरजेचा, प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून आधी तो घेतो.

करावं तसं भरावं, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. बायबलही तेच सांगतं: माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं. पण ख्रिस्ती श्रद्धा पापाकडे केवळ सुट्या चुकांची यादी म्हणून बघत नाही. पाप ही गुलामी आहे. चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि नको ते होतं, अशी कबुली पौलासारखा प्रेषित (ख्रिस्ताचा सुरुवातीचा प्रचारक) बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देतो. अशा माणसाने स्वतःच स्वतःला सोडवायचं म्हटलं तर कुठल्या बळावर?

इथे जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातली, एक रीत समजून घ्यावी लागते. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात नियम आहे: इस्राएली माणसाला गरिबीमुळे जमीन विकावी लागली, किंवा स्वतःलाच विकून घ्यावं लागलं, तर त्याच्या जवळच्या नातलगाने किंमत भरून ती जमीन, तो माणूस सोडवावा. तिथल्याच रूथ या विधवेच्या गोष्टीत तिच्या सासरचा नातलग बवाज हेच करतो. आपल्या भागात हे समजावून सांगायला नको. शेत गहाण पडलेलं, सातबाऱ्यावर बोजा चढलेला, पिकाचा पैसा व्याजातच जातो. शेवटी भाऊबंदातला एखादा स्वतःच्या खिशातून रक्कम भरून बोजा उतरवतो. येशू मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) म्हणतो की आपण पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून, म्हणजे सुटकेची किंमत म्हणून, द्यायला आलो आहोत, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात ही रीत असावी.

या रीतीत सोडवणारा परका चालत नाही, तो रक्ताचा लागतो. म्हणूनच देव माणूस झाला, या गोष्टीला आमच्या श्रद्धेत एवढं महत्त्व आहे. नाताळ आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस) एकमेकांपासून तोडता येत नाहीत. शिवाय सोडवणारा भरतो ते स्वतःचं. न्यायाधीशाने रस्त्यावरचा कुणी निरपराध माणूस धरून त्याला फाशी दिली, तर तो अन्यायच, यात तुमचं बरोबर आहे. पण ख्रिस्ती श्रद्धा तसं म्हणतच नाही. ज्याच्याविरुद्ध पाप झालं तो देवच पुत्राच्या रूपाने खाली आला आणि त्याने ते नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं, असं ती म्हणते. वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, कुणी तिऱ्हाईत नाही.

मग ही खंडणी दिली कुणाला? यावर पूर्वीपासून वाद आहे. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन म्हणाला, सैतानाला. चौथ्या शतकात नाझियांझसच्या बिशप ग्रेगरीने ही कल्पना साफ नाकारली. अकराव्या शतकाच्या शेवटी आर्चबिशप अन्सेल्मने मांडलं की माणसाने देवाच्या गौरवाचं देणं बुडवलं होतं, ते ख्रिस्ताने भरून काढलं. मला स्वतःला अन्सेल्मचा हिशेब कोरडा वाटतो. बहुतेक सगळ्या मंडळ्यांना मान्य असलेला निकेयाचा मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली), ज्याची सुरुवात ३२५ च्या धर्मपरिषदेत झाली, तो फक्त ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढंच म्हणतो. त्यापुढे पावती शोधत बसू नये, असं माझं मत आहे.

आता मोकळीक. हा आक्षेप पौलाच्या काळातही घेतला जात होता. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहायचं का, असा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि ठणकावून नाही म्हणतो. गुलामीतून सुटलेला माणूस पुन्हा त्याच धन्याच्या दारात राबायला जात असेल, तर तो सुटला कसला?

लूकच्या शुभवर्तमानात दोन माणसं आहेत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराकडे एकही सत्कर्म करायला वेळ उरलेला नाही, तरी येशू त्याला म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. म्हणजे तारण कमावून मिळत नाही. दुसरा जक्कय, जकातदार. त्याच्या घरी येशू पाहुणा म्हणून जातो. येशूने कुठलीही अट घातल्याचं लूक लिहीत नाही, पण जक्कय उठून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. क्षमा फुकट मिळालेल्या माणसाचा हात असा सैल होतो. भावाचा वाटा हडप करून रविवारी उपासनेत ‘प्रभूने क्षमा केली’ म्हणणाऱ्याने जक्कय वाचलेलाच नाही. वाटा परत करावा लागेल, आणि कोर्टात खटला असेल तर तोही चालेल.

कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरला मानणारे प्रोटेस्टंट) यांच्यात कृपा आणि कर्म यावरून शतकानुशतकं भांडण होतं. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग इथे दोघांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव स्वीकारतो तो केवळ कृपेने, सत्कर्मं त्याचं फळ म्हणून येतात. आमच्या मिरजेतलं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. तिथली सेवा पुण्य साठवून पाप फेडण्यासाठी होती, असं पुष्कळांना वाटतं. त्या श्रद्धेच्या हिशेबात क्रम उलटा आहे: आधी सुटका, मग सेवा.

मित्राशी बोलण्याआधी लूकचा १९ वा आणि रोमकरांस पत्राचा ६ वा अध्याय वाचा. शुभ शुक्रवारी पुष्कळ मंडळ्यांमध्ये दुपारी बारा ते तीन येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर उपासना असते. मित्राला सांगा, तो तुम्हाला सोबत नेईल. बाप्तिस्मा झालाय का, असं दारात कुणी विचारत नाही.