पट्टा आवळणे म्हणजे कंबर कसणे नव्हे

प्रश्न : एका इंग्रजी उताऱ्यात 'द फॅमिली हॅड टु टाइटन इट्स बेल्ट' असे वाक्य होते. मी 'कुटुंबाला कंबर कसावी लागली' असे भाषांतर केले, ते चूक ठरले. पट्टा कमरेलाच बांधतात ना? मग चुकले कुठे? आणि हा वाक्प्रचार नेमका केव्हा वापरायचा?

उत्तर : चित्र दोन्हीकडे कमरेचेच आहे, म्हणून ही चूक फार जणांची होते. फरक आवळण्याच्या कारणात आहे. मराठी माणूस कंबर कसतो ती कामाला भिडण्यासाठी. शेला कमरेला घट्ट बांधला, पदर खोचला, की कपडा हातापायांत येत नाही. इंग्रजीतला पट्टा मात्र उपासमारीने आवळला जातो. खाणे कमी झाले, पोट खपाटीला गेले, पट्टा सैल पडला आणि तो आतल्या भोकात अडकवावा लागला. यावरून अर्थ आला तो असा : हातात पैसा कमी राहिला म्हणून खर्च आटोपता घेऊन दिवस काढणे.

'कंबर कसणे'चा खरा इंग्रजी जोडीदार वेगळाच आहे : 'गर्ड अप वन्स लॉइन्स'. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात एलिया हा संदेष्टा अशीच कंबर बांधून राजा अहाबाच्या पुढे धावत जातो. पायघोळ अंगरखा कमरेला खोचल्याशिवाय धावणार कसे? आज हा प्रयोग जुनाट वाटतो. रोजच्या बोलण्यात 'रोल अप युअर स्लीव्ह्ज' म्हणतात, म्हणजे आपले बाह्या सरसावणे.

मग 'टाइटन वन्स बेल्ट'ला मराठीत काय म्हणावे? सर्वांत जवळचा 'पोटाला चिमटा घेणे', कारण त्यातही भूक आहे. पण तो डोळे मिटून वापरू नये. त्यात बरीच कळ सोसल्याचा भाव असतो, आणि बहुधा कुणासाठी तरी सोसल्याचा : पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. कंपनी किंवा सरकार पट्टा आवळते तेव्हा 'खर्चाला कात्री लावली' हेच शोभते. तुमच्या वाक्यात टंचाई किती होती ते उताऱ्यावरून ठरवा. बेताची असेल तर 'घरच्यांना हात आखडता घ्यावा लागला' पुरे; खाण्यापिण्यावर आले असेल तर चिमटाच हवा.

वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात. पैसा कमी झालेला किंवा होणार असलेला हवा, आणि काटकसर एकूण खर्चाची हवी. हौसेने स्वस्त सदरा घेतला, तर पट्टा आवळला असे होत नाही. फक्त पेट्रोलवरचा खर्च कमी केला, तरीही नाही. तिथे 'कट डाउन ऑन पेट्रोल' म्हणायचे. 'आय टाइटन्ड माय बेल्ट ऑन पेट्रोल' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते.

शब्दकोशात 'वन्स' असते, ती फक्त रिकामी जागा आहे. तिथे कर्त्याप्रमाणे माय, अवर, हिज, हर, देअर घालायचे. पुष्कळ विद्यार्थी 'आय टाइटन्ड वन्स बेल्ट' असे जसेच्या तसे उतरवतात आणि हमखास गुण गमावतात. कर्ता अनेकवचनी असला की पट्टेही अनेक : 'वुइ हॅड टु टाइटन अवर बेल्ट्स'. क्रियापदही बदलू नये. 'फासन युअर बेल्ट' म्हणजे गाडीत किंवा विमानात पट्टा लावा. फासन म्हणजे अडकवणे, टाइटन म्हणजे आवळणे. शब्द बदलला की वाक्प्रचार संपला.

बातम्यांत याचे नाम जास्त दिसते : 'बेल्ट-टाइटनिंग', मध्ये जोडरेघ. ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी 'अ' लावू नये. 'सम बेल्ट-टाइटनिंग' किंवा 'अ पीरिअड ऑफ बेल्ट-टाइटनिंग' असे लिहावे. विशेषणासारखेही चालते : 'बेल्ट-टाइटनिंग मेझर्स', म्हणजे काटकसरीचे उपाय.

प्रश्न : 'कट कॉर्नर्स' म्हणजेही काटकसर करणे का?

उत्तर : नाही, आणि इथे गफलत महागात पडते. वळणावर रस्ता धरून न जाता कोपरा तिरका कापून पुढे जाणे, हे मूळ चित्र. अर्थ असा की वेळ किंवा पैसा वाचवायला कामातली आवश्यक पायरी गाळणे. भिंत न घासता, अस्तराचा हात न देता वरचा रंग फासला, तर रंगाऱ्याने 'कट कॉर्नर्स' केले. थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात. हा शब्द आरोपाचा आहे. ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात 'वुइ विल कट कॉर्नर्स' लिहिलेत, तर 'आम्ही काम कच्चे करू' असे कबूल केल्यासारखे होईल. तुम्हाला हवे आहे ते 'कट कॉस्ट्स'.

'पेनी-पिंचिंग'बाबतही सावध असावे. तो कवडीचुंबकाला लावायचा शब्द आहे. कौतुक करायचे तर 'थ्रिफ्टी'.

प्रश्न : 'अंथरूण पाहून पाय पसरावे' याला इंग्रजीत काय म्हणतात?

उत्तर : 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ', कापड असेल तेवढाच कोट बेतावा. पट्टा आवळणे हा परिस्थितीने आणलेला बदल असतो. ही कायमची रीत आहे. साध्या लेखनात 'लिव्ह विदिन युअर मीन्स' अधिक सहज वाटते. त्यातल्या 'मीन्स'चा शेवटचा 'स' गाळू नका. या अर्थी, म्हणजे ऐपत किंवा मिळकत म्हणून, तो शब्द नेहमी 'स'सकटच येतो.