मैफल रंगते, मग साथ का रंगत नाही?

पुण्यात गाण्याच्या आणि नाटकाच्या कार्यक्रमांची परीक्षणं नव्यानेच लिहू लागलेल्या एकांचा प्रश्न आहे : ‘रंगणे’ हे क्रियापद टाळू म्हटलं तरी टळत नाही; पण ‘गायकाने मैफल रंगली’, ‘तबल्याची साथ रंगली’, ‘भूमिका रंगली’ ही वाक्यं बरोबर आहेत का?

पहिलं वाक्य सरळ चूक आहे. ‘रंगणे’ अकर्मक. ‘गायकाने’ असा कर्ता घेतलात की क्रियापद ‘रंगवणे’च हवं : गायकाने मैफल रंगवली. ‘तराण्याने मैफल रंगली’ हे मात्र चालतं, कारण तिथला ‘ने’ कर्त्याचा नाही, करणाचा आहे. मैफल तराण्यामुळे रंगली. ही चूक बहुधा लांब वाक्यात होते. सुरुवातीला ‘गायकाने’ लिहिलं जातं, मध्ये राग, ताल, साथीदार येतात आणि ‘रंगली’पर्यंत पोचताना कर्त्याचा विसर पडतो. वाक्य तोडा, चूक आपोआप जाते.

साथीचं उत्तर ‘रंगणे’च्या अर्थात दडलेलं आहे. मेंदी लावणं वेगळं आणि मेंदी रंगणं वेगळं. लावणं हाताचं काम, रंगणं मागाहून, वेळ देऊन. विड्याचंही तसंच. नुसतं पान चावून ओठ लाल होत नाहीत. पान, कात आणि चुना तोंडात एकत्र यावे लागतात. मराठीत ‘रंगणे’ याच अर्थाने पसरलं आहे : अनेक गोष्टी एकत्र आल्या, थोडा वेळ गेला आणि त्यांतून एकट्याचं नसलेलं काही तयार झालं. म्हणून गप्पा रंगतात, डाव रंगतो, जुगलबंदी रंगते, प्रयोग रंगतो. साथ हा त्या विड्यातला कात किंवा चुना. ती रंगत नाही, ती जमते, आणि ती जमली की गाणं रंगतं. संवादिनीने तबल्याशी सवालजवाब केले तर ते सवालजवाब मात्र रंगतात, कारण तिथे दोघं आहेत.

भूमिकेच्या बाबतीत जरा सैल राहायला हरकत नाही. ‘नटाने भूमिका रंगवली’ हे रुळलेलं आहे, त्यात वावगं काही नाही. पण अकर्मक वापरायचं असेल तर ‘भूमिका वठली’ हा नेमका शब्द हाताशी आहे, तो सोडू नये. त्याचं विशेषण मात्र करू नका. ‘वठलेलं’ म्हटलं की वाचकाला वाळलेलं झाड दिसतं.

अशी क्रियापदं या व्यवहारात पुष्कळ आहेत आणि परीक्षणाचा नेमकेपणा त्यांच्यातच असतो. तंबोरे जुळतात, तबला मिळवतात, आवाज लागतो, हशा पिकतो, पदाला वन्समोर मिळतो. पावसाळी हवेत कातडं सैल पडून तबला उतरतो, म्हणजे त्याचा सूर खाली येतो. हातोडीने लाकडी गट्टे ठोकून तो पुन्हा मिळवावा, म्हणजे सुरात आणावा लागतो. अशा वेळी ‘सुरुवातीला साथ बेसूर होती’ असं लिहिणं तबलजीवर अन्याय आहे. ‘तबला उतरत होता’ एवढं लिहिलं की खरं कारण कळतं.

‘नाटक’ आणि ‘प्रयोग’ यांतही गल्लत नको. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. नाटक एक, प्रयोग अनेक. रंगतो तो त्या दिवसाचा प्रयोग. शनिवारी बालगंधर्व रंगमंदिरात रंगलेला प्रयोग रविवारी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात पडू शकतो, आणि परीक्षण कुठल्या दिवसाचं आहे हे म्हणूनच लिहायला हवं. ‘नाटक पडलं’ हा तर फार मोठा निकाल आहे, तो एका प्रयोगावरून देऊ नये. ‘पडणे’ आणि ‘बेरंग’ हेही सारखे नाहीत. वाक्यं विसरली, प्रवेश लांबले, तर प्रयोग पडतो. रंगत आलेला प्रवेश ध्वनिक्षेपकाच्या शिट्टीने मोडला, तर बेरंग होतो. त्यात नटाचा दोष नाही.

‘रंग’चं मूळ कळलं की हा शब्द आणखी जपून वापरावासा वाटतो. संस्कृतात ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, रंगवणे. त्यातूनच ‘रंग’ आला, आणि रंग म्हणजे रंगमंचही. नाट्यशास्त्रातले पूर्वरंग आणि रंगपीठ हे शब्द त्याचे. कीर्तनातले पूर्वरंग-उत्तररंग आपण आजही म्हणतो. ‘रंजन’ त्याच धातूचं, ‘राग’ही त्याच धातूचा. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या प्राचीन संगीतग्रंथात लोकांच्या चित्ताचं रंजन करणं हेच रागाचं लक्षण सांगितलं आहे. चेहरा लाल करणारा राग आणि गायला जाणारा राग व्युत्पत्तीने सख्खे भाऊ आहेत!

‘मैफल’ मात्र अरबीतून आलेला शब्द आहे, अर्थ जमलेली मंडळी. मैफल भरते, सजते, रंगते. ती ‘सादर’ होत नाही. सादर होतो राग, ख्याल, तराणा. १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या मंडपातल्या हजारोंच्या गर्दीला मैफल म्हणावं का? तिथे ‘गायन’ किंवा ‘वादन’ लिहिणं मला जास्त बरोबर वाटतं.

‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यातून वाचकाला काहीच ऐकू येत नाही. त्याऐवजी असं काही लिहून पाहा : ‘मारवा रागाच्या अतिविलंबित एकतालात पहिली तीन-चार आवर्तनं आवाज लागत नव्हता. मग षड्ज लांबणीवर टाकत गायिका कोमल रिषभावर थांबू लागली, आणि तिथून गाणं रंगलं.’ अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, जवळपास मिनिटभर चालतं, म्हणजे रंग चढायला तीन-चार मिनिटं लागली, हेही जाणकार वाचक यातून आपणच ओळखतो.