टर्बो डिझेल गाडी उन्हाळ्यात आणि घाटात थंड कशी ठेवावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मोठा इंटरकूलर बसवू का, बंद करण्याआधी इंजिन किती वेळ आयडलला ठेवू, आणि मेकॅनिक म्हणतोय तसा थर्मोस्टॅट (गरम झालेल्या पाण्याला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) काढून टाकू का. पहिल्या दोन्हींवर येतो, पण तिसरी वाचल्यावर राहवलं नाही. नका काढू. कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

मला सांगणारे आमचे साडू होते. ॲम्बेसेडर पंचवीस वर्षं वापरलेला माणूस, त्यामुळे शब्द म्हणजे शब्द. "अहो, थर्मोस्टॅट ही थंड मुलखातली भानगड. आपल्याकडे बारा महिने ऊन, तो हवाय कशाला?" कराडला त्यांच्याच ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. १२४८ सीसीची टर्बो डिझेल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. त्याने थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला. कूलंट सगळं खाली सांडलेलं, तर साडूंनीच फर्मान सोडलं, "पाणी भर रे!" मग बोअरचं पाणी भरलं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, तेच पाणी.

पुढे सात महिने तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढलाच नाही. साडू खूश. ॲव्हरेज वीसवरून सतरावर आलं, त्याकडे मी काणाडोळा केला, कारण साडूंशी वाद म्हणजे घरात वाद.

मे २०१९. गुहागरहून परत कराडला येत होतो. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या चार पेट्या आणि दोन फणस. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तर पुढे चिऱ्यांचा ट्रक. एसी फुल, गाडी तिसऱ्यात, आरपीएम चौदाशेच्या आसपास, पाय दाबलेला. गिअर पाडायला गेलो तर शेजारून साडूंचा आवाज, "राहू द्या, डिझेल ओढतं." तीन वळणांत काटा मध्याच्या वर गेला. मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. (हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच. मे महिन्यात पाच जणांवर तो सोडल्यावर बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.) गाडी बाजूला घेतो म्हटलं, तर साडू म्हणाले, "वर हेळवाकला चहा घेऊ, चढ संपला की आपोआप उतरेल."

आणि काटा खरंच उतरला, सर्रकन. हीटरमधूनही गार हवा यायला लागली. साडू म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं?"

आता नीट वाचा. गार हवा आली कारण हीटरमध्ये पाणीच उरलं नव्हतं. ते उकळून कूलंटच्या टाकीच्या झाकणातून बाहेर गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला नसला की काटा खोटं बोलतो. चढावर काटा अचानक पडला आणि हीटर गार झाला, तर ती शुभवार्ता नव्हे, त्या क्षणी इंजिन बंद करायचं. मी आणखी दोन किलोमीटर ओढली. हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं. टोइंग, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी धरून चौतीस हजार. साडू म्हणाले, "गाडीच पनवती आहे."

थर्मोस्टॅट काढून गाडी तापते कशी, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची कामं दोन. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो रेडिएटरकडची वाट उघडायला लागतो आणि उघडता उघडता बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी, वाट बंद करत जातो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. म्हणजे भर चढावर काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं. सपाटीवर इंजिन नको तितकं गार, चढावर नको तितकं गरम. आणि "आपल्याकडे ऊन" म्हणाल, तर कराडचं ४० अंशांचं ऊन इंजिनाला लागणाऱ्या तापमानाच्या निम्मंसुद्धा नाही.

दोष एकट्या थर्मोस्टॅटचा नव्हता, हेही सांगतो. रेडिएटर उतरवला तेव्हा एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत गोधडीसारखा थर निघाला: धूळ, सावरीचा कापूस, उसाच्या फडातली काजळी. मी बोट घातलं तर पेरभर आत गेलं. समोरून बघितलं तर जाळी चकाचक, कारण दिसतो तो कंडेन्सर. दर सर्व्हिसिंगला समोरून प्रेशरने पाणी मारून तो कचरा आणखी आत ठोकला जात होता. हे काम इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने करायचं. दोन वर्षांतून एकदा कंडेन्सर सोडवून साफ करून घ्या, गाडी थंड ठेवायला याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

त्यानंतर झाकण. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं कूलंट घातलं की १०७ च्या आसपास. पण झाकणाने एक बारचा दाब धरला तर तेच मिश्रण सव्वाशेपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब गेला. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, पण सगळे पंख्याच्या मागे लागतात.

तुमचा इंटरकूलर: तो टर्बोने दाबून तापवलेली हवा गार करतो, पाणी नाही. कंपनीचा आहे तोच ठेवा, त्याचे पाइप फाटलेत का बघा. मोठा लावून रेडिएटरची हवा अडवाल.

आयडल: डिझेलमध्ये टर्बोवरून जाणारा धूर ७००-८०० अंशांपर्यंत तापतो आणि टर्बोचं बेअरिंग इंजिन ऑइलवर तरंगतं. घाट चढून लगेच चावी फिरवली तर तिथलं ऑइल तिथेच करपतं. म्हणून घाटानंतर किंवा हायवेवरून थेट ढाब्यावर वळल्यावर मिनिटभर. गावातून भाजी घेऊन आलात तर काही गरज नाही. ऑइल मात्र वेळेवर बदला.

हे सगळं माझ्या डिझेलवरून लिहिलंय. पेट्रोल टर्बोचा धूर याहून गरम असतो, आणि काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा वेगळा पंप असतो, तेव्हा तुमचं मॅन्युअल बघा. झाकण गरम असताना उघडू नका. आणि गाडीत आधीच कुणी बोअरचं पाणी भरलं असेल तर आधी सिस्टिम फ्लश करा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. माझ्या रेडिएटरच्या नळ्यांतून क्षाराचे पापुद्रे निघाले होते, ते मी डबीत भरून साडूंना दाखवायला ठेवलेत. ते अजून बघायला आलेले नाहीत.