शंभर वर्षं जुन्या घराचं स्लेटचं (पातळ दगडी फरश्यांचं) छप्पर गळतंय. पुन्हा दगडच घालावा की सिंथेटिक स्लेट?

तुमचं घर फिलाडेल्फियाजवळ, १९२० च्या दशकातलं. माळ्यावर ओल दिसतेय आणि रूफर म्हणतोय, सगळी स्लेट उतरवा, सिंथेटिक टाका. मी याच भागात स्लेटच्या छपराखाली राहतो, म्हणून सांगतो: इतक्यात काहीच निवडू नका.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. ओल चिमणीच्या कडेला किंवा दोन उतार मिळतात त्या कोनात असेल, तर बहुतेक वेळा दगड ठणठणीत असतो, गेलेला असतो तो तिथला पत्रा. तो तांब्याचा नवा बसवायचा आणि फुटक्या-सटकलेल्या स्लेट बदलायच्या. गावी चार कौलं फुटली म्हणून कुणी आख्खं छप्पर उतरवत नाही, तसंच हे. पण माणूस स्लेटचं काम करणारा हवा, शिंगलवाला (डांबरी पट्ट्या ठोकणारा) नको. त्याच्याकडे एक लांब, चपटं हत्यार असतं. ते स्लेटखाली सरकवून टोकाच्या आकड्यात खिळा अडकवायचा आणि दांड्यावर हातोडी मारायची. खिळा तुटतो, स्लेट हातात येते, शेजारच्या जागच्या जागी. जो बूट घालून थेट स्लेटवर चालत सुटतो किंवा फटींना डांबर फासतो, त्याला लांबूनच नमस्कार करा.

दगडच झिजून संपला असेल तर गोष्ट वेगळी. बँगर, पेन आर्गिल भागातल्या खाणींची काळी-राखाडी पेनसिल्व्हेनिया स्लेट तुलनेने मऊ. काही प्रकार साठ-सत्तर वर्षांत थकतात, काही शंभरी गाठतात. व्हर्माँटची हिरवी-जांभळी किंवा व्हर्जिनियाची बकिंगहॅम शंभरीच्याही बरीच पुढे जाते. एखादी स्लेट काढून घ्या, बोटाने टकटक करा. खणखणीत वाजली तर ठीक. आवाज बद्द आला आणि खालच्या बाजूचे पापुद्रे सुटून भुगा हाताला लागला, तर दिवस भरले. हा भुगा बहुधा जिप्सम असतो: दगडातला चुना आणि गंधक यांच्यात ओलाव्याने प्रक्रिया होऊन तो तयार होतो, फुगतो आणि दगडाला आतून फोडतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. "दगड फार जड पडेल" असं रूफर सांगेल. १०० चौरस फुटांना साधारण ७०० ते १,००० पौंड वजन होतं हे खरं, पण तुमच्या घराचे वासे तेच वजन शंभर वर्षं पेलत आलेत. ते मध्ये कुणी कापले नसतील, सडले नसतील, तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. डांबरी शिंगलसाठी बांधलेल्या घरावर दगड चढवायचा असता, तर मीच आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा म्हटलं असतं.

सिंथेटिक म्हणजे शेवटी प्लास्टिक किंवा रबर. हलकं, झटपट बसतं, गारांचा मारा चांगला सोसतं. वॉरंटी ५० वर्षांची देतात, पण आजच्या पॉलिमर स्लेटचा इतिहासच जेमतेम तीसेक वर्षांचा आहे. सुरुवातीच्या काही मालाच्या कडा उन्हाने वळल्या, रंग उडाला. वॉरंटीतली बारीक अक्षरं वाचा: घर विकल्यावर ती पुढच्या मालकाला मिळते का, मजुरी कोण देणार. आगीसाठीचा 'क्लास ए' (सर्वोच्च) दर्जा नुसत्या मालाला आहे की खाली खास थर घातला तरच, हेही विचारा.

दहा वर्षांत घर विकणार असाल तर सिंथेटिकला माझी हरकत नाही. राहणार असाल तर दगड, एस-१ (सर्वांत टिकाऊ) दर्जाचा, तांब्याच्या खिळ्यांवर. आणि पैसे कमी पडत असतील, तर रस्त्यावरून दिसणाऱ्या उतारावर दगड आणि मागे सिंथेटिक, असली तडजोड मात्र करू नका. दोन्हींच्या जोडावर पुढे कटकट होते.

घर हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जतन केलेल्या जुन्या वस्तीत येतं का ते टाउनशिपला (स्थानिक प्रशासनाला) विचारून घ्या, तिथे सिंथेटिकला परवानगीच मिळेल असं नाही. आणि छपराचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. स्लेटवर काळे पट्टे असतील तर त्या पट्ट्यांवरच ती आधी झिजते, मग दुरुस्तीचा सल्ला मला बदलावा लागेल.